सव्वा लिटरचं डिझेल इंजिन आणि त्याचं तीन लिटर ऑइल

गाडीच्या माहितीपत्रकात इंजिनासमोर चार-पाच आकडे असतात: १२४८ सीसी, ७५ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), १९० न्यूटन मीटर (फिरवण्याच्या जोराचं म्हणजे टॉर्कचं माप), १६ व्हॉल्व्ह, कॉमन रेल. गाडी किती ओढेल याचा अंदाज त्यावरून येतो. किती वर्षं ओढेल हे मात्र त्या पानावर कुठेच नसतं. ते कळायला प्रत्येक आकड्यामागे इंजिनात काय चाललेलं असतं ते बघावं लागतं. त्यासाठी एकच इंजिन घेऊ, फियाटचं १.३ मल्टिजेट. छोट्या आधुनिक टर्बो-डिझेलचं (टर्बो म्हणजे धुराच्या झोताने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारं चाक) सगळं बरंवाईट त्यात सापडतं.

हे इंजिन २००३ मध्ये आलं. फियाट आणि जनरल मोटर्स यांनी तेव्हा इंजिनांसाठी भागीदारी केलेली होती आणि पोलंडमधल्या बिएल्स्को-बियावा इथे ते बनू लागलं. फियाट पुंटोत ते मल्टिजेट, ओपेल कोर्सात सीडीटीआय, मारुती स्विफ्टमध्ये डीडीआयएस, टाटा इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट. भारतात ते रांजणगाव आणि मानेसरला बनत असे आणि इतक्या वेगवेगळ्या गाड्यांत बसलं की लोक त्याला ‘नॅशनल इंजिन’ म्हणू लागले. २००५ मध्ये १ ते १.४ लिटर गटात त्याला जागतिक ‘इंजिन ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला. बीएस-६ प्रदूषण नियमांमुळे एप्रिल २०२० पासून भारतातल्या नव्या गाड्यांतून ते गेलं, पण रस्त्यावर अजून भरपूर आहे.

आता मापं. चार सिलिंडर, बोअर ६९.६ मिलिमीटर, स्ट्रोक ८२ मिलिमीटर. सिलिंडरच्या व्यासापेक्षा पिस्टनची वर-खाली धाव मोठी, म्हणजे हे लांब स्ट्रोकचं इंजिन. कमी आरपीएमला (मिनिटाला कमी फेऱ्या असताना) चांगली ओढ द्यायची आणि वरच्या आरपीएमचा हट्ट धरायचा नाही, असा त्याचा स्वभाव. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. बीड कशाला, हे एका हिशेबावरून समजेल. अशा इंजिनात पूर्ण जोरावर जळताना सिलिंडरमधला दाब दीडशे बारच्या आसपास जातो. पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर आहे. गुणाकार केला तर मुठीत मावेल एवढ्या त्या पिस्टनवर दर स्फोटाला पाच टनांहून जास्त भार येतो. हा मार वर्षानुवर्षं सोसायला बीडच बरं. या इंजिनाचे बोअर आणि क्रँक (पिस्टनच्या धावेने फिरणारा मुख्य दांडा) सहसा लवकर झिजत नाहीत. बिघाड होतात ते या गाभ्याला चिकटलेल्या भागांत.

ताकद आणि टॉर्क यांत बरीच गल्लत होते. ७५ पीएसच्या आवृत्तीत टॉर्क १९० न्यूटन मीटर, २००० आरपीएमला. कमाल ताकद ४००० आरपीएमला. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. त्यामुळे २००० ला १९० न्यूटन मीटरची ताकद भरते साधारण ५४ पीएस. ४००० ला ७५ पीएस मिळत असतील, तर उलट हिशेबाने तिथला टॉर्क उरतो फक्त १३२ च्या आसपास. वर नेलं की इंजिनाची ओढ जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी होते आणि आवाज तेवढा वाढतो. म्हणून या इंजिनाचा खरा कामाचा पट्टा साधारण १८०० ते ३००० आरपीएमचा. त्याच्या खाली टर्बो पुरेशी हवा देत नाही. टॉप गिअरमध्ये १२०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन कण्हतं, काजळी करतं आणि क्लचला धक्के देतं. ॲव्हरेज वाढावं म्हणून अशी सवय लावून घेणं या इंजिनाला महागात पडतं.

लिटरच्या हिशेबात पाहिलं तर हे इंजिन लिटरमागे दीडशे न्यूटन मीटर टॉर्क देतं. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन साधारण ९० ते १०० देतं. हा फरक टर्बोच्या जिवावर. ७५ पीएसच्या इंजिनात साधा, ठरावीक पात्यांचा टर्बो असतो. ९० पीएसच्या इंजिनात पाती हलणारा टर्बो असतो, त्यामुळे टॉर्क २०० वर जातो आणि वरच्या आरपीएमला दम टिकतो. पण त्या हलत्या पात्यांवर काजळी बसली की ती अडकतात. गाडी कधी ओढते, कधी एकदम मरगळते आणि इंजिन लिंप मोडला जातं, म्हणजे स्वतःला वाचवायला ताकद कमी करून चालतं. ज्यांना वेगाची फारशी गरज नाही त्यांनी ७५ वालं घ्यावं, असं माझं मत आहे. त्यात बिघडायला एक भाग कमी आहे.

डिझेल आत कसं जातं

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा अठरा पट दाबायची (पहिल्या आवृत्त्यांत कॉम्प्रेशन रेशो १८ च्या आसपास होता, पुढच्या आवृत्त्यांत १६.८), ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि मग त्यात डिझेल फवारायचं की ते आपोआप पेटतं. फवारा किती बारीक आणि किती वेळेवर, यावर बाकी सगळं ठरतं. कॉमन रेलमध्ये पंप डिझेल दाबून एका जाड नळीत भरून ठेवतो. या इंजिनात तो दाब १४०० ते १६०० बारपर्यंत जातो. डिझेल फवारणारे इंजेक्टर फक्त विजेच्या इशाऱ्याने उघडतात आणि मिटतात. ही पद्धत प्रवासी गाडीत पहिल्यांदा आली १९९७ मध्ये, अल्फा रोमिओ १५६ मध्ये, आणि तिचं मूळ संशोधन फियाटच्याच घरचं.

एका वेळी किती डिझेल जातं? ७५ पीएस काढायला तासाला साधारण १३ किलो डिझेल लागतं. ४००० आरपीएमला चार सिलिंडर मिळून मिनिटाला ८००० वेळा फवारतात. भागाकार केला की एका फवाऱ्याला येतात सुमारे ३३ घन मिलिमीटर. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा एक थेंब साधारण ५० घन मिलिमीटरचा असतो. म्हणजे पूर्ण दमाने पळतानाही एका सिलिंडरला एका वेळी थेंबभरसुद्धा डिझेल मिळत नाही. तेवढं आत सोडायला वेळ असतो सुमारे एक मिलिसेकंद. त्यातही मल्टिजेट तो थेंब पाच तुकड्यांपर्यंत वाटतं. आधी एक-दोन घन मिलिमीटरची चिमूट, तिने ज्वलन हळुवार सुरू होतं आणि जुन्या डिझेलची ठकठक थांबते. मग मुख्य फवारा, आणि गरजेप्रमाणे मागून आणखी. २००९ नंतरच्या मल्टिजेट-२ मध्ये हे वाटे आठपर्यंत गेले.

एवढं बारीक काम करणाऱ्या इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट असते दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. त्यामुळे डिझेल फिल्टर हा या इंजिनातला सर्वांत स्वस्तातला विमा आहे. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला तो बदलाच, आणि डिझेलच्या दर्जाविषयी शंका असेल तर त्याच्या निम्म्यातच बदला. फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी सोडायचा बोल्ट असतो. पाण्याचा दिवा लागला की त्याच दिवशी ते काढा, कारण दाबाखालचं पाणी पंपाचा आणि नोझलचा धातू खातं आणि डिझेलचं वंगणही मोडतं. नवा फिल्टर बसवल्यावर लगेच स्टार्टर मारत बसू नका. किल्ली ऑन करून टाकीतला पंप आवाज करून थांबेपर्यंत थांबा, किल्ली बंद करा, आणि हे चार-पाच वेळा करा. सिस्टिमने हवा धरली असेल तर अशाने निघते. चुकून पेट्रोल भरलं गेलं तर किल्ली ऑनसुद्धा करायची नाही. ऑन केली की टाकीतला पंप ते पेट्रोल पुढे ढकलतो आणि डिझेलच्या वंगणावर चालणारा मोठा पंप कोरडा घासतो. मग धातूची भुकटी इंजेक्टरपर्यंत पोचते.

इंजेक्टर झिजला की इंजिन जागेवर लंगडतं, गरम असताना सुरू व्हायला वेळ घेतं, एका सिलिंडरची ठकठक ऐकू येते. थेट चारही बदलायच्या आधी रिटर्नची चाचणी करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या बाटलीत सोडायची, इंजिन काही मिनिटं चालवायचं आणि बाटल्या शेजारी ठेवून बघायच्या. एक बाटली बाकीच्यांपेक्षा ठळक जास्त भरली, तर दोषी तोच. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि फस्-फस् आवाज असेल, तर बहुतेक वेळा इंजेक्टर चांगला असतो आणि त्याखालचं तांब्याचं वॉशर गेलेलं असतं. ते लवकर बदललं नाही तर तो थर दगडासारखा होतो आणि पुढे इंजेक्टर हेडमधून उपटणं कठीण होऊन बसतं.

ऑइलचं गणित

या इंजिनाचा भरवसा सगळा इथे आहे. फिल्टरसह चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइल बसतं तीन लिटरच्या आसपास. त्या तीन लिटरच्या भरवशावर काय काय आहे ते मोजा. क्रँकचे बेअरिंग आलेच. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो, आणि त्याचं एक टोक लालबुंद धुराच्या वाटेत असतं. टॅपेट हायड्रॉलिक आहेत, म्हणजे व्हॉल्व्हची फट ऑइलच्या दाबाने आपोआप जुळते. आणि टायमिंग चेन (क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांचा मेळ राखणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्या दाबावरच चालतो.

टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे म्हणून ‘आयुष्यभर बघायला नको’ असं सांगितलं जातं. तसं नाही. चेनही वाढते. धातू ताणला जात नाही, पण कड्यांमधल्या पिना झिजतात. शंभराहून जास्त सांध्यांत थोडी थोडी झीज झाली की चेन लांब होते. ही झीज कोण करतं? ऑइलमधली काजळी. डिझेल इंजिनात ऑइल बदलल्यावर काही दिवसांतच काळं होतं, ते नेहमीचंच. पण काजळीचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की तेच ऑइल पॉलिशपेपरसारखं घासू लागतं.

आता ऑइल कमी झालं की काय होतं ते क्रमाने बघू. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं. मोठ्या इंजिनात एक लिटर कमी झालं तर फार बिघडत नाही. इथे खालच्या खुणेला आलात म्हणजे एक तृतीयांश ऑइल संपलेलं असतं. उरलेल्या दोन लिटरना तीन लिटरचं काम. ते जास्त तापतं, काजळी त्यात दाट होते. मग एखाद्या चढावर किंवा जोरात घेतलेल्या वळणावर चेंबरमधलं ऑइल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. हवेचे बुडबुडे असलेलं ऑइल दाबलं जातं, म्हणून टेन्शनर मऊ पडतो. चेन सैल होते आणि एक दात सोडून उडी मारते. टायमिंग सुटलं की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडतात. नशीब असेल तर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) मोडतात आणि व्हॉल्व्ह वाचतात, नाहीतर हेडचं काम निघतं. सुरुवात कुठून झाली? न बघितलेल्या डिपस्टिकपासून. ऑइलच्या दिव्याची वाट बघू नका. तो पातळीचा दिवा नसतो, दाबाचा असतो. तो लागतो तेव्हा दाब गेलेला असतो.

युरोपात या इंजिनाच्या काही गाड्यांना ऑइल बदलायला ३०,००० किलोमीटरची मुभा दिलेली होती. तीन लिटरसाठी हे अंतर फार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते धरा. रोजच्या फेऱ्या पाच-सात किलोमीटरच्याच असतील तर ८,००० ला बदला. ग्रेड ५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३०, मॅन्युअलमध्ये दिलेलं. गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) असेल तर कमी राखेचं, एसीईए या युरोपीय मानकाच्या सी-२ दर्जाचं किंवा मॅन्युअलमध्ये त्याऐवजी दिलेलं.

बदलतानाचे बारकावे: इंजिन गरम असू द्या, गाडी सपाटीवर. ड्रेन बोल्ट काढल्यावर किमान पंधरा मिनिटं निथळू द्या, कारण तीन लिटरमध्ये पाव लिटर जुनं राहिलं तरी नव्यात ते आठ टक्के होतं. फिल्टर कागदी कार्ट्रिजचा आहे. त्याच्या झाकणाची रबरी रिंग दर वेळी नवी घाला आणि बसवण्यापूर्वी तिला ऑइल लावा. जुनी रिंग फुगलेली असली तर झाकणाखालून ऑइल पाझरत राहतं आणि खाली थेंब पडेपर्यंत कुणाला कळत नाही. आधी पावणेतीन लिटर भरा. इंजिन एक मिनिट चालवा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघत वरच्या खुणेच्या किंचित खाली आणा. एकदम सगळा कॅन ओतू नका.

चेनचा आवाज ओळखायला सकाळची पहिली सुरुवात हीच वेळ. रात्रभर उभ्या गाडीत टेन्शनरमधलं ऑइल खाली उतरतं, म्हणून सुरू करताच एखादा सेकंद खडखड झाली तर ठीक. तीन-चार सेकंद टिकली, किंवा गरम झाल्यावरही रेस सोडताना साखळी ओढल्यासारखी खर्र ऐकू आली, तर काम काढा. क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नसल्याचा फॉल्ट कोड आला असेल तर गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या. नुसती चेन बदलून चालत नाही. टेन्शनर, दोन्ही बाजूंच्या गाइड पट्ट्या, दातेरी चाकं आणि सील असं सगळं एकत्र घालावं लागतं, आणि क्रँक व कॅमशाफ्ट लॉकिंग पिनांनी बांधूनच. खुणा मारून, अंदाजाने बसवणाऱ्याच्या हाती हे काम देऊ नका.

टर्बोचंही तसंच. थंड इंजिन सुरू करताच रेस देऊ नका, ऑइल टर्बोपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. लांब चढ किंवा वेगवान प्रवास संपवून थांबलात तर एक मिनिट इंजिन जागेवर चालू ठेवा. ताबडतोब बंद केलं तर गरम बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल करपतं आणि त्याचा कोळसा पुढे बारीक नळी बुजवतो. टर्बो गेला आणि नवा बसवायची वेळ आली तर ऑइलची नळीही नवी घाला आणि ऑइल-फिल्टर बदला. जुनी नळी तशीच ठेवून बसवलेले नवे टर्बो काही हजार किलोमीटरमध्येच पुन्हा जातात, आणि दोष मात्र टर्बो बनवणाऱ्याला दिला जातो.

काजळी, आणि एक साधा थर्मोस्टॅट

ईजीआर व्हॉल्व्ह थोडा धूर परत आत पाठवतो, म्हणजे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. त्या धुराची काजळी आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ हवेच्या वाटेत सोडणाऱ्या नळीतून) येणारी ऑइलची वाफ यांचा मिळून चिकट काळा लेप बनतो. हवेची वाट अरुंद होते, व्हॉल्व्ह उघडाच अडकतो, पिकअप मरतो आणि काळा धूर येतो. व्हॉल्व्ह उतरवून साफ करता येतो.

डीपीएफ असलेल्या गाडीत काजळी जाळीत साठते आणि इंजिन ठरावीक वेळाने ती जाळतं. त्यासाठी जाळी सुमारे ६०० अंशांवर न्यावी लागते, म्हणून उशिरा एक जादा फवारा दिला जातो. त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांपाशी उतरतं आणि चेंबरमध्ये जातं. ही जळणाची फेरी पुरी व्हायला पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं लागतं. रोज मध्येच इंजिन बंद होत असेल तर फेरी अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, आणि दर वेळी ऑइलमध्ये डिझेल वाढतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. ते पातळ झालेलं ऑइल आहे, लगेच बदलायचं. वरच्या खुणेच्या बरंच वर गेलं तर ब्रीदरमधून इंजिन तेच ऑइल ओढून जाळू लागतं आणि किल्ली बंद करूनही रेस वाढत जाते. असं झालंच तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा.

डीपीएफचा दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर २००० आरपीएमच्या वर वीस मिनिटं चालवा. तरीही पुन्हा पुन्हा लागत असेल तर जाळी बदलायच्या आधी थर्मोस्टॅट बघा. या इंजिनाचा थर्मोस्टॅट उघडाच अडकण्याची खोड आहे. मग पाणी नीट तापत नाही, काटा मध्यावर येत नाही, आणि थंड इंजिन फेरी सुरूच करत नाही. काजळी साठत जाते, ॲव्हरेज पडतं, हीटर कोमट राहतो. एका छोट्या भागाच्या दोषापायी आख्खी जाळी बदलली जाते, याचं वाईट वाटतं.

बाकीचं थोडक्यात. थंडीत सुरू व्हायला त्रास आणि पांढरा धूर म्हणजे आधी ग्लो प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारे) तपासा, आणि ते गरम इंजिनावर सोडवा, थंड हेडमध्ये ते मोडतात. शिट्टीसारखा आवाज, काळा धूर आणि ओढ गेलेली असेल तर बहुतेक वेळा इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप फाटलेला असतो. ज्या गाड्यांत दुहेरी फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं दोन तुकड्यांचं जड चाक) आहे तिथे इंजिन बंद करताना येणारा ठोका म्हणजे फ्लायव्हील संपत आल्याची खूण.

जुनी गाडी बघायला जाणार असाल तर मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. सुरू करण्याआधी डिपस्टिक ओढा: पातळी कुठे आहे, डिझेलचा वास येतो का, ऑइल पाण्यासारखं ओघळतं का. मग सुरू करून पहिले पाच सेकंद फक्त ऐका. इंजिन तापल्यावर ऑइलचं झाकण सैल करून बघा. हलकी वाफ चालेल, पण झाकण उडत असेल आणि धुराचे फुत्कार येत असतील तर रिंगा गेल्यात. स्कॅनर लावता आला तर रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब, इंजेक्टरचे दुरुस्ती-आकडे (प्रत्येक इंजेक्टरला कंप्युटर किती कमी-जास्त डिझेल देतो ते) आणि पाण्याचं तापमान बघा. शेवटी सर्व्हिसच्या पावत्या मागा आणि दोन ऑइल बदलांमधलं अंतर मोजा. कुठे २५,००० किलोमीटरची दरी दिसली, तर ओडोमीटरवर कितीही कमी किलोमीटर असू देत, किंमत ठरवताना आख्खा चेन-सेट आणि त्याची मजुरी वजा करूनच बोला.